पायाळूच राहावं म्हणून

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीच्या टेबलावर मी पडले होते. आठवा महिना चालू होता. पोटावर गार जेल, उशाशी आई उभी, आणि पडद्याकडे बघत डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बाळ पायाळू आहे. डोकं वर, पाय खाली."

आईने माझा हात दाबला. तिला वाटलं मला धक्का बसला असेल. मी डोळे मिटून घेतले. उघडे ठेवले असते तर मला झालेला आनंद तिला दिसला असता.

"पहिलटकरीण आहे, त्यामुळे असंच राहिलं तर सीझर करावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "पण घाबरू नका, अजून वेळ आहे. बहुतेक बाळं फिरतात. चालणं ठेवा, मागे रेलून बसू नका. ओणवं होऊन रोज फरशी पुसा, त्यानेही थोडी मदत होते."

त्या सांगत होत्या आणि मी मनात पोटातल्या जिवाला एवढंच म्हणत होते: फिरू नकोस. असंच बसून राहा. फिरू नकोस.

मला बाळंतपणाची भीती वाटते. सगळ्यांना वाटते तशी नाही. बायका कळांचं बोलायला लागल्या की माझी बोटं गार पडतात आणि मला फोन आला आहे असं सांगून मी उठून जाते. दवाखान्यात प्रसूतिकक्षाचा दरवाजा जिथून दिसेल त्या बाकावर मी कधी बसले नाही. आतून एखादीचं ओरडणं ऐकू आलं तर बाहेर चिंचेखाली जाऊन उभी राहायचे. पोट वाढत गेलं तसा मी आरशासमोर साडी नेसणं सोडलं. बाळ हललं की बायका हसून हात ठेवतात. मी श्वास धरून बसायचे. एवढं मोठं झालेलं हे आता बाहेर येणार, आणि ते माझ्यातून येणार, याच्या पुढे माझं डोकं जात नव्हतं.

कारण विचाराल तर माझ्याकडे कारण नाही. आमच्या नात्यात कुणी बाळंतपणात दगावलेलं नाही. लहानपणी मी काही भयंकर पाहिलेलं नाही. मामाच्या गोठ्यात म्हैस व्यायला आली की सगळी पोरं गोळा व्हायची, मी तेवढी उसाच्या कडेला पळून जायचे आणि कानांत बोटं घालून बसायचे. शाळेतल्या एक बाई गरोदर होत्या, तर मी पहिला बाक सोडून मागे जाऊन बसले. मोठं झाल्यावर हे जाईल असं वाटत होतं. गेलं नाही. लग्नानंतर कितीतरी दिवस मी नवऱ्याला सांगत होते की आईपण ही बाईवरची सक्ती आहे, नाही म्हणण्याचा तिला हक्क आहे. हे मला आजही खरं वाटतं. फक्त तेव्हा मी ते बोलत होते ते हक्कासाठी नव्हे, भ्याले होते म्हणून. मूल मला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

हे कुणाला सांगायचं? आमचं घर पत्रकांचं. माझे वडील, अण्णा, हायस्कुलात शिक्षक आणि शाळा सुटल्यावर चळवळीचे. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला 'शेतमजूर बंधूंनो आणि भगिनींनो' वाचता येत होतं. संध्याकाळी सतरंजीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायच्या, मग जेवायचं. घरात देव नव्हते, नवससायास नव्हते. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य आमच्याकडे उच्चारायलाच बंदी होती. पाहुण्यांपैकी कुणाच्या तोंडून निघालं तर अण्णा हातातला चहाचा कप खाली ठेवून त्याच्याशी वाद घालायचे. भीतीबद्दलही त्यांचं मत ठरलेलं. भीती घालणारा कुणीतरी असतो आणि त्यात त्याचा फायदा असतो. तो ओळखला की भीती संपली. मी लहान असताना हे मला फार आवडायचं. अंधारात जाताना मी अंधाराचा फायदा कुणाला हे शोधायचे आणि खरंच पुढे जायचे. बाळंतपणाच्या भीतीत फायदा कुणाचा हे मला आजवर सापडलेलं नाही.

त्यात आईची गोष्ट होती. माझ्या जन्माच्या दिवशी आई काष्टीच्या बाजारात पत्रकं वाटत होती. जनावरांचा बाजार, बैलांच्या शिंगांमधून वाट काढत ही पोटुशी बाई लोकांच्या हातात कागद देतेय. तिथेच कळा सुरू झाल्या. कुणाच्या तरी कडब्याच्या टेम्पोत बसून ती दवाखान्यात गेली. "तासाभरात मोकळी झाले, आणि उरलेली पत्रकं सिस्टरांना वाटली," असं ती सांगायची. शिबिरात, मेळाव्यात, महिला दिनाला, कुठेही ही गोष्ट झाली की टाळ्या पडायच्या. माझी ओळख करून देताना लोक म्हणायचे, "हीच ती, बाजारात जन्मता जन्मता राहिलेली!" आई ते वाढवून सांगत नव्हती. तिला खरोखरच भीती वाटली नव्हती. मी अशा बाईची मुलगी.

आणि मीही लिहीत होते. गरोदर राहण्याच्या आदल्या वर्षी मी माहेरच्या महिला मंडळासाठी एक पत्रक लिहिलं, विनाकारण सीझर करण्याविरुद्ध, आणि इथे येऊन वस्त्यांवर वाटलंही. मुहूर्त बघून पोट चिरून घेणारे, बाईला घाबरवून टेबलावर घेणारे, सगळ्यांना मी झोडपलं होतं. मुद्दा बरोबर होता. पण चांगलं पत्रक शेवटाकडे चढत जायला हवं, आणि चढता चढता मी लिहिलं होतं की कळांना भिऊन शस्त्रक्रिया मागणारी बाई आपल्याच शरीरावरचा विश्वास गमावून बसलेली गुलाम आहे. अण्णांनी त्या वाक्याखाली लाल पेनाने रेघ मारली आणि म्हणाले, "हे झकास." वर्षभरानंतर त्याच ऑपरेशनची माझ्याइतकी वाट पाहणारी बाई तालुक्यात नसेल.

तर असं ते पायाळू बाळ. माझ्या दृष्टीने तो निकालच होता. सीझर मला मागावं लागणार नव्हतं, डॉक्टरच करणार होते. कुणी विचारलं तर मी सुस्कारा सोडून म्हणू शकले असते, काय करणार, बाळ पायाळू होतं.

पहिलं बाळंतपण म्हणून मी श्रीगोंद्याजवळ माहेरी आले होते. नवरा देवळाली प्रवराकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे, गळीत हंगामात त्याला रजा मिळत नाही. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी शेजारच्या काकू वाटीभर रव्याचे लाडू घेऊन आल्या आणि ओट्यावरच बसल्या.

"पायाळू हाय म्हनं! नशीब काढलंस गं बाई. पायाळू मानसाला जिमिनीतलं पानी कळतंय."

"काकू, तसं काही नसतं," अण्णा आतून म्हणाले.

"सर, तुमी ऱ्हाऊ द्या. आमच्या दिराच्या पाठीत चमक भरली तवा वरच्या आळीतल्या पायाळूनं लाथ मारली, तसा उठून चालायला लागला."

"लाथ मारल्यावर कोणीही उठून पळेल."

काकू हसल्या. मला म्हणाल्या, "चालायला लागलं की आदी आमच्या रानात फिरव त्याला. दोन बोअर कोरडी गेली. पर एक सांग, सीझर झालं तर ते पायाळू धरत्यात का? म्हंजी ते पायानं आलंच न्हाई ना. वरनंच काडलं."

"ते पंचांगात बघावं लागेल," आई म्हणाली आणि दोघी हसायला लागल्या. अण्णा बाहेर आले. पायाळू माणसाला पाणी दिसतं या समजुतीविरुद्ध त्यांनी स्वतः पत्रक काढलेलं होतं. ते काकूंना पाण्याचे थर समजावून सांगू लागले.

मी त्यांच्या आरामखुर्चीत मागे रेलून बसले होते. रेलू नका असं सांगितलं होतं, म्हणूनच रेलले होते.

पुढचे दिवस मी असेच काढले. सकाळी आई म्हणायची, चल, मळ्यापर्यंत चालून येऊ. माझे पाय दुखत असायचे. ओणवं होऊन फरशी पुसायची तर माझी कंबर धरायची. "डॉक्टरांनीच सांगितलंय ना तुला?" आई फडकं पिळता पिळता विचारायची. मी म्हणायचे, सिस्टर म्हणाल्या आराम कर. कुठल्याच सिस्टर असं म्हणाल्या नव्हत्या. आई माझ्या वाटची फरशी पुसायची आणि मी खुर्चीत पडून, पोटावर हात ठेवून, बाळाला जागचं हलू नये म्हणून विनवायचे. एकदा श्रीगोंद्याहून एस.टी.ने येताना रस्त्यात देऊळ लागलं. बसमधल्या बायकांनी सवयीने हात जोडले. माझाही हात छातीपर्यंत गेला. मी तो तसाच पदराकडे नेला आणि पदर सारखा केला. शेजारी आई होती. तिने पाहिलं की नाही मला माहीत नाही.

देव मानत नसलेली बाई काय मागत होती, तर आपलं मूल उलटंच राहावं. हे कुठल्या तोंडाने लिहायचं, पण तसं होतं. बाळाला त्यात काही धोका आहे का, हा प्रश्न मला त्या दिवसांत एकदाही पडला नाही. भीतीची लाज तर होतीच. पण तो प्रश्न पडला नाही, याची लाज मला अजून जागी करते.

पुढच्या तपासणीला मॅडमनी पोटावर हात ठेवला, मग पडदा बघितला आणि हसल्या. "फिरलं की हो! डोकं मस्त खाली आलंय. आता सगळं नॉर्मल."

आईने टाळीच वाजवली. मला रडू फुटलं, इतकं की टेबलावरून उठता येईना. आईने माझे डोळे पुसले. "किती काळजी करत होती पोर, मनातच ठेवलं सगळं," ती सिस्टरांना सांगत होती. सिस्टरांचे डोळेही भरून आले. बाहेर येऊन आईने नवऱ्याला फोन लावला आणि माझ्या कानाला दिला. मागे कारखान्याचा घरघराट, आणि तो ओरडून म्हणाला, "भारी! आता टेन्शन नाही. ऐकतेस ना? आता तुला काही कापायला नको." मी म्हटलं, "हो." आईने येताना पेढे घेतले. काकूंना पेढा देताना ती म्हणाली, "तुमचं बोअरचं काम राहिलं बघा." काकू म्हणाल्या, "जाऊ द्या, पोरगी सुटली म्हंजी झालं."

त्यानंतर मला जेवण जाईना. भात समोर आला की घास तोंडात फिरत राहायचा. आई म्हणायची, शेवटच्या महिन्यात असं होतं. अण्णांनी मला उमेद यावी म्हणून माझंच पत्रक काढून आणलं आणि शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. ते चांगलं वाचतात. मी 'थांबा ना अण्णा' म्हटलं, तर त्यांना तो विनय वाटला.

आठवडाभरानंतरच्या तपासणीला मी आईला म्हटलं, मी एकटी जाते. तिने रिक्षापर्यंत सोडलं. दवाखान्यात गर्दी होती. मॅडमच्या टेबलाभोवती चार-पाच बायका एकदमच उभ्या, कुणाचं बीपी, कुणाची लोहाची गोळी. मागच्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी, माझं पत्रक चिकटवलेलं होतं. मंडळाच्या बायकांनीच लावलं होतं.

माझा नंबर आला. मॅडमनी वजन बघितलं. "कमी कसं झालं?"

मी काट्यावरून उतरून चप्पल घातली.

"घरी काही त्रास? सासरी?"

"नाही. मॅडम, माझं सीझर करा."

त्यांनी मान वर केली. "का? डोकं खाली आहे, पाणी चांगलं आहे. कशाला सीझर?"

"मला भीती वाटते."

"अहो, सगळ्यांनाच वाटते भीती," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईचा केसपेपर ओढला.

"मॅडम, मी नाही करू शकणार." माझा आवाज मोठा झाला होता. "मला नाही जमणार ते."

टेबलाभोवतीच्या बायका वळून बघायला लागल्या. त्यातली एक, हातात प्लास्टिकची पिशवी धरलेली, माझ्याकडे आणि मग भिंतीकडे बघत म्हणाली, "ताई, तुमीच ना तो कागुद वाटला? आमच्या वस्तीवर आल्ता की तुमी. भिऊ नगा म्हनून लई झाडलं हुतं आमाला." दुसरीने तिला कोपराने ढोसलं. तिसरी तोंडाला पदर लावून हसली. त्या बाईच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला फक्त खात्री करून घ्यायची होती की मीच ती. मी म्हटलं, "हो, मीच." कान इतके तापले की मला वाटलं आता चक्कर येईल आणि सुटेन. चक्करही आली नाही.

मॅडम माझ्या हातांकडे बघत होत्या. माझ्या केसपेपरचा बोळा झाला होता. "बाहेर बसा," त्या म्हणाल्या. "ओपीडी संपली की या."

मी चिंचेखाली बसले. घरी निघून जावं असं अनेकदा वाटलं. गेले नाही याचं श्रेय धैर्याला देऊ नये. रिक्षा त्या वेळी मिळत नाही.

ओपीडी संपल्यावर मॅडमनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "कधीपासून आहे हे?" मी सगळं सांगितलं. म्हैस, शाळेतल्या बाई, नवऱ्याला दिलेली कारणं, आणि शेवटी आरामखुर्ची. "ते फिरू नये असंच मी मुद्दाम वागले," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलेलं काहीच केलं नाही. उलटं केलं."

त्या जोरात हसल्या. "खुर्चीत बसून बाळ पायाळू राहतं असं तुम्हाला वाटलं? तुम्ही तर अंधश्रद्धेविरुद्ध बोलता ना?"

मी मान खाली घातली.

"ऐका. ते बाळ तुमचं ऐकून राहिलं नव्हतं आणि तुमचं न ऐकता फिरलंही नाही. त्याचं ते फिरलं. हे ओझं तरी उतरवा." मग त्यांचं हसू गेलं. "मघाशी मी ऐकून न घेता बोलले, ते चुकलं. पण खरं सांगते, नुसती भीती हे कारण लावून मी इथे ऑपरेशन करणार नाही. इथे भूल देणारे डॉक्टरही रोज नसतात. नगरला मी चिठ्ठी देते. तिथे मनाच्या डॉक्टर आहेत, त्यांना भेटा, प्रसूतीच्या डॉक्टरांना भेटा. ठरवा. वेळ थोडा आहे."

"घरी काय सांगू?"

"ते मला काय माहीत?"

घरी मी बीपी वाढल्याचं सांगितलं आणि नगरला जायला लागले. तिथल्या मनाच्या डॉक्टर माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. पहिल्या भेटीत मी त्यांच्यासमोर भाषण केलं: बाईचं शरीर, दवाखान्यांचं राजकारण, पिढ्यान्‌पिढ्यांचं दडपण. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुम्हाला स्वतःला नक्की काय होईल असं वाटतं?" फार वेळाने मी म्हटलं, "मी फाटेन. आणि सगळे म्हणत राहतील, छान चाललंय." त्यांनी ते वाक्य मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, मग डोळे उघडे ठेवून, मग श्वास सोडता सोडता. भीती माझ्यापुढे एखाद्या विरोधकासारखी उभी आहे आणि चांगला मुद्दा मांडला की ती खाली बसेल, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. तिला मुद्दे ऐकू येत नाहीत. हे कळायला मला नगरपर्यंत जावं लागलं.

एका दुपारी सिस्टरांनी मला रिकामा प्रसूतिकक्ष दाखवला. पहिल्यांदा मी दारातूनच परत फिरले. पुढच्या खेपेला आत गेले. हिरवा पडदा, लोखंडी टेबल, कोपऱ्यात बाळासाठी दिव्याखालचा छोटा पलंग. मी टेबलाला हात लावला. माझा हात गार, टेबलही गार. मनाच्या डॉक्टर म्हणाल्या, "आणखी वेळ असता तर आपण आणखी पुढे गेलो असतो. दोन्ही वाटा आहेत. नॉर्मलचा प्रयत्न केलात तर आईला सोबत ठेवता येईल. ऑपरेशन ठरवलंत तर त्यातले धोके प्रसूतीच्या डॉक्टर नीट सांगतील. कोणतीही वाट घेतलीत तरी तुम्ही हरलात असं मी मानणार नाही."

धोके ऐकले. टाके, रक्त, पुढच्या वेळची गुंतागुंत, सगळं. माझ्या पत्रकात हे सगळं होतं, त्यामुळे मला ते पाठच होतं. मी ऑपरेशन निवडलं.

मग घरी सांगावं लागलं. संध्याकाळी आई भाकरी थापत होती, अण्णा पाटावर बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. बीपीचं खोटं होतं हेही सांगितलं.

आईचा हात पिठात थांबला. "माझं ऐकून घाबरलीस का? मी ती बाजाराची गोष्ट सांगते म्हणून?"

"नाही गं. तू काही घाबरवलं नाहीस."

"मला खरंच नाही कळत," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "मला काहीच वाटलं नव्हतं. दुखलं, पण भीती अशी नाही. पण तू म्हणतेस तर असेल. मी बरोबर येते."

अण्णा ताटातल्या मिठाकडे बघत होते. "डॉक्टरांनी सांगितलं का, करावंच लागेल असं?"

"नाही. मी मागितलं."

"पण तू तर लिहिलंयस..." ते थांबले. मग हळू म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

आमच्या घरातल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच निघालं, आणि तेही अण्णांच्या. त्यांनाही ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी लगेच "म्हणजे चळवळीतले लोक" अशी दुरुस्ती केली. मला हसू यायला हवं होतं. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचीही लाज वाटली. इतक्या ताठ माणसाला मी वाकवलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी नवरा रात्रपाळी करून सरळ नगरला आला, अंगाला मळीचा वास. त्याला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस? पायाळू होतं तेव्हा तू खूश होतीस आणि मी तिकडे झोपलो नव्हतो." मी त्याच्यापुढे हात केले. त्याने माझ्या बांगड्या उतरवून खिशात टाकल्या. आत पाठीत सुई दिली तेव्हा मी ओरडले. मग खालचं शरीर माझं राहिलं नाही. पडद्यापलीकडे कुणीतरी भांडी ओढावीत तसे आवाज येत होते आणि माझे दात वाजत होते. भीती गेली होती असं नाही, ती शेजारी पडून होती. मग एक बारीक, चिडका आवाज आला. "मुलगी," कुणीतरी म्हणालं आणि माझ्या गालाशी एक ओलसर, गरम गाल टेकला. मी तिला पहिलं वाक्य बोलले ते "माफ कर" असं होतं. सिस्टर म्हणाल्या, "असं काय बोलता ताई, किती गोड आहे."

घरी आल्यावर बघायला माणसं येऊ लागली. आमच्याकडे बाळ बघायला आलेला माणूस बाळाच्या आधी एकच विचारतो, "नॉर्मल का सीझर?" हा प्रश्न बहुतेक वेळा दारातच अण्णा झेलायचे. "सीझर. ठोके कमी झाले होते बाळाचे. डॉक्टर म्हणाले, इलाज नाही." हे त्यांनी मला विचारून ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आतल्या खोलीत दूध पाजत होते, आणि मी ते चालू दिलं. दुसऱ्या दिवशीही चालू दिलं. चळवळीतले दोघं आले, त्यांच्यासमोरही. ते म्हणाले, "मग ठीकच आहे, खरी गरज होती." अण्णा म्हणाले, "तर!" ज्या माणसाने मला कधी खोटं बोलू दिलं नाही तो माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि मला त्याने बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. या वेळी मी बाळाला मांडीवर घेऊन बाहेर ओट्यावरच्या कॉटवर बसले होते. काकूंनी बाळाच्या पायाचा अंगठा धरला.

"नार्मल का शीझर?"

"सीझर," अण्णा म्हणाले. "ठोके कमी..."

"ठोके चांगले होते," मी म्हटलं. "मीच मागितलं, काकू. मला फार भीती वाटत होती म्हणून."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते बाहेरच्या नळाकडे बघत राहिले. काकूंनी बाळाचा अंगठा सोडला नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, आता हसतील, किंवा पत्रकाचं काढतील.

"मागितल्यावर देत्यात व्हय?" त्या म्हणाल्या.

"नेहमी नाही देत. पण विचारता येतं. बोलता येतं डॉक्टरांशी."

"आमाला कुनी सांगितलंच न्हाई." त्या आता माझ्याकडे नाही, अण्णांकडे बघत होत्या, जणू सगळी पत्रकं त्यांनीच लिहिली होती. "माज्या थोरल्याच्या टायमाला मी सासूला म्हनले, मला लई भ्या वाटतंय, मला न्हाई जमायचं. तर तिनं माज्या त्वांडावर हात ठिवला. म्हनली, बाहीर पुरुषमानसं बसल्यात." मग त्या एकदम उठल्या. "जाते. दूध वर ठिवलंय."

त्या गेल्यावर ओट्यावर आम्ही दोघंच राहिलो. बाळ झोपलं होतं. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या रस्त्यावरून चालल्या होत्या, अण्णा त्या मोजत असल्यासारखे बघत होते.

"तिला सांगायची गरज होती का?" त्यांनी विचारलं.

"होती."

"आता गावभर होईल."

"होईल."

ते चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसत बसले. "मला लाज वाटली," ते म्हणाले. "तू बोललीस तेव्हा."

"मलाही वाटली," मी म्हटलं. "अजून वाटतेय."

आईने आतून हाक मारली, बाळाच्या अंघोळीचं पाणी तापलं होतं. एक हात टाक्यांवर धरून मी उठायला लागले, आणि अण्णांनी झोपलेल्या पोरीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. धरायचं कसं हे त्यांना नीट माहीत नव्हतं. ते तिला दोन्ही हातांवर आडवी धरून, पायऱ्या बघत, माझ्या पुढे घरात गेले.